आडवाटेवरची घरगुती मोटार

मोटार ही वस्तु आतां आमच्या मुखेड तालुक्यांत नवलाची राहिलेली नाहीं. पोळ्याच्या बैलाकडे पाहावें तशा कौतुकानें मोटारीकडे पाहणारी पिढी केव्हांच मागें पडली. घरांतील तरुण मुलगा पुण्यास किंवा हैदराबादेस नोकरीस लागला म्हणजे दोन-चार वर्षांत एखादी जुनी पण धड मोटार घेऊन गांवीं येतो. आणि ती जर चारही चाकांना शक्ति पुरविणारी असली, तर त्याच्या मित्रमंडळींत एकच चर्चा सुरू होते. ही गाडी उंच करावी काय? मोठे टायर घालावे काय? पुढें लोखंडी दांडा, वर दिव्यांची पट्टी व बाजूस धुराड्यासारखी नळी लावली, तर ती कोणत्याहि चिखलांतून जाईल काय? आमचे कांहीं माजी विद्यार्थी हे प्रश्न आम्हांसहि विचारितात. प्रश्न पोरकट नाहींत. पावसाळ्याचे चार महिने कित्येक वाड्यातांड्यांची वाट जेथें चिखलानें धरली जाते, तेथें घरगुती मोटारीस आडवाटेस लावतां येईल किंवा नाहीं, हा निव्वळ चैनीचा विषय नव्हे. वेणा लागलेली बाई वेळेवर दवाखान्यांत पोंचते कीं नाहीं, इतका तो जवळचा आहे. म्हणून या वार्षिकाच्या पानांवर त्याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. अशी मोटार आडवाटेस लावतां येते, आणि ज्यास खरोखर गरज आहे त्यानें अवश्य लावावी. परंतु या कामावर आज जो पैसा खर्च होतो तो बहुधा उलट्या क्रमानें होतो. आधीं शोभा, मग उंची, मग जमलें तर पोटाचें रक्षण, आणि टायर व चालक यांचा विचार सर्वांच्या शेवटीं! आमच्या मतें टायर व चालक प्रथम, पोट दुसरें, उंची तिसरी व तीहि बोट-दीड बोट. शोभेस जागा उरतच नाहीं.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. स्टेशन वॅगन हें नांव अमेरिकेंतलें. रेल्वेच्या स्टेशनावरून उतारू व त्यांचे पेटारे एकदम घरीं नेणारी गाडी ती स्टेशन वॅगन. पुढें छप्पर शेवटपर्यंत सारखें नेलेल्या, मागून उघडणाऱ्या घरगुती मोटारीस तें नांव रूढ झालें. आपल्या देशांत ही जात फारशी रुजली नाहीं. पुण्याच्या टाटा कारखान्याची एस्टेट १९९२ सालीं आली; पुढें मारुतीची बलेनो अल्टुरा व टाटांचीच इंडिगो मरीना या आल्या, आणि आल्या तशा गेल्या. शिवाय त्या सर्वांची शक्ति दोनच चाकांना. २०१० सालीं टाटांनीं आरिया नांवाची लांबट गाडी काढली, तिच्या एका प्रकारांत चारही चाकांस शक्ति मिळण्याची सोय होती. २०१४ सालीं रेनॉ कंपनीनें डस्टर गाडीचा तसा प्रकार आणिला आणि २०२२ सालीं मारुति सुझुकीनें ग्रँड व्हिटाराचा. या शेवटच्या दोहोंस कोणी स्टेशन वॅगन म्हणत नाहीं, आणि जाहिरातदार तर मुळींच म्हणणार नाहींत. तरी बाहेरचा भारदस्त पत्रा क्षणभर दृष्टीआड केला, तर हाडापेरानें त्या शहरी कुटुंबासाठीं बांधलेल्या घरगुती मोटारीच होत. आमच्याकडे जी चर्चा चालते ती बहुतेक अशाच गाड्यांविषयीं असते.

घरगुती मोटारीस आडवाटेस लावण्याची कल्पना मूळ हौसेंतून निघालेली नाहीं, हें तरुणांनीं ध्यानांत ठेवावें. जपानच्या ईशान्य भागांत हिवाळ्यांत भारी बर्फ पडतें. तेथील तोहोकू वीज कंपनीच्या कामगारांस डोंगरांतील तारा व खांब सांभाळण्यासाठीं त्या बर्फांतून जावें लागे. जीपगाड्या होत्या, पण त्या उघड्या, थंड व प्रवासास त्रासदायक. बंद, उबदार व चारहि चाकें ओढणारी साधी मोटार कोणी देईल काय, अशी त्यांची मागणी होती. मियागी प्रांतांतील सुबारूच्या विक्रेत्यानें हें काम मनावर घेतलें. एक साधी पुढच्या चाकांनीं ओढणारी वॅगन घेऊन तिला दुसऱ्याच कंपनीच्या, म्हणजे निसानच्या, मोटारीचा मागचा धुरा त्यानें जोडला. त्या खटाटोपांतून घडलेली गाडी १९७१ च्या टोकियो प्रदर्शनांत मांडली गेली, आणि १९७२ पासून सुबारूनें लिओनी या नांवाची चार चाकांनीं ओढणारी वॅगन कारखान्यांतच काढण्यास आरंभ केला. वीजतंत्र्यांची गरज व एका विक्रेत्याची कल्पकता एवढ्यावर हा सारा वंश उभा आहे. त्या पहिल्या गाडीवर दिव्यांची पट्टी नव्हती, हें सांगावयास नकोच.

आतां चार चाकांची शक्ति म्हणजे काय, आणि काय नव्हे, हें समजून घेतलें पाहिजे. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीनें पुढें मुंबईस विलीज जीप जोडण्यास प्रारंभ केला, तेव्हांपासून आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढें चार चाकांची गाडी म्हणजे जीप हेंच चित्र आहे. नाशिकास बनणारी थार हीहि त्याच कुळांतली. या कुळाच्या गाडीस खालीं स्वतंत्र लोखंडी सांगाडा असतो, आणि मुख्य गिअरपेटीशिवाय दुसरी एक लहान पेटी असते. त्या दुसऱ्या पेटीनें गति निम्म्याहून कमी होऊन ओढ तितक्याच पटीनें वाढते. बैल जसा जड ओझें घेऊन पाऊल-पाऊल चालतो, तशी ती गाडी चालते. घरगुती मोटारींत ही दुसरी पेटी नसते. तिच्या इंजिनाची शक्ति मूळची पुढच्या चाकांस जाते. मागच्या धुऱ्याजवळ विजेच्या चुंबकानें आवळला जाणारा एक क्लच असतो, आणि पुढचीं चाकें घसरूं लागलीं म्हणजे तो आवळून मागच्या चाकांस वांटा देतो. 'लॉक' असें लिहिलेली कळ दाबली तर हळू चालींत तो आधींपासूनच आवळलेला राहतो. चिखलांत शिरण्यापूर्वीं ती दाबावी, शिरल्यानंतर नव्हे. हा क्लच फार वेळ घसरला तर तापतो, आणि तापला म्हणजे गाडींतील यंत्रणा त्यास वांचविण्यासाठीं मागच्या चाकांची शक्ति आपण होऊन तोडते. नेमक्या त्याच वेळीं गाडी रुतलेली असते! चालकास वाटतें गाडीनें दगा दिला; वास्तविक तिनें आपला जीव वांचविलेला असतो.

दुसरी एक गोष्ट. वळणावर बाहेरच्या चाकास आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें, म्हणून प्रत्येक धुऱ्यांत डिफरन्शिअल बसविलेला असतो. त्याचा दोष असा कीं, एक चाक चिखलांत गरगर फिरूं लागलें कीं शक्ति तिकडेच वाहून जाते आणि दुसरें चाक स्वस्थ बसतें. नव्या गाड्यांत फिरणाऱ्या चाकास आपोआप ब्रेक लागून शक्ति पलीकडे वळते. परंतु त्यास क्षणभर वेळ द्यावा लागतो. पाय एकसारखा व हलका ठेवणाऱ्यास ती यंत्रणा मदत करते. जो इंजिन ओरडवितो त्याचें चाक खड्डाच खणतें.

हें झालें यंत्राचें. आतां जमिनीचें. मुखेडची जमीन एका प्रकारची नाहीं. बालाघाटच्या उतरत्या रांगांचे दगडमाळ आहेत, तेथें मुरूम व खडक. तेथें भीति गाडीच्या पोटास व टायरच्या कडेस. खालीं काळी रेगड आहे, ती उन्हाळ्यांत हात जाईल इतकी भेगाळते आणि पहिल्या दमदार पावसानंतर फुगून लोण्यासारखी होते. या मातींतील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात, म्हणून तिला तळ सांपडत नाहीं. नदीकांठच्या वाळूंत चाक रुतलें तर खालीं कोठें तरी टणक लागेल अशी आशा असते. रेगडींत ती आशा व्यर्थ. तिसरी आहे पांदण, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतांमधून गेलेली गाडीवाट. एके काळीं तींत बैलगाडीची चाकोरी होती; आज ट्रॅक्टरची आहे. ट्रॅक्टरचें मागचें चाक पुरुषाच्या छातीइतकें, आणि त्याची चाकोरी त्याच मापाची खोल. डस्टर काय किंवा ग्रँड व्हिटारा काय, तिचें पोट जमिनीपासून २१० मिलिमीटर, म्हणजे सुमारें एक वीत वर. त्या चाकोरींत चाकें सोडलीं कीं मधला उंचवटा पोटास लागतो, गाडी कांसवासारखी पोटावर बसते, आणि चारहि चाकें फिरत असूनहि ती जागची हलत नाहीं. यावर उपाय उंची नव्हे. चाकोरींत चाक न सोडतां एक चाक मधल्या उंचवट्यावर व दुसरें कडेच्या कांठावर धरून जाणें हा उपाय आहे, आणि त्यास पैसा लागत नाहीं. काळी-पिवळी जीप चालविणारे जुने चालक हें जाणत असत. त्यांच्या बहुतेक गाड्यांस दोनच चाकांची शक्ति होती, माणसें मात्र दुपटीनें भरलेलीं. तरी गाडी कोठें थांबवावी व उतारूंस कोठें उतरून चालावयास सांगावें हें त्यांस अचूक कळे.

आमच्या शेतकऱ्याच्या भाषेंत एक सुंदर शब्द आहे: वाफसा. पाऊस उघडून जमीन ओलीहि नाहीं व कोरडीहि नाहीं, औत घालण्याजोगी झाली, म्हणजे वाफसा आला. वाफसा येण्यापूर्वीं औत घातलें तर ढेकळें होतात व बैल थकतात, हें कोणत्याहि शेतकऱ्याच्या पोरास सांगावें लागत नाहीं. तोच मुलगा मोटारींत बसला म्हणजे तें विसरतो, याचें आम्हांस नवल वाटतें. पाऊस थांबल्यावर उन्हाच्या एका दिवसानें ज्या वाटेनें सुखानें जातां येतें, त्याच वाटेनें भर पावसांत शंभर पावलें जाण्यासाठीं पन्नास हजारांचे फेरफार करणें हा कोणता हिशेब? अर्थात् आजारी माणूस वाफशाची वाट पाहत नाहीं. तेवढ्यासाठींच खालील तयारी सांगतों.

पहिला खर्च टायरांवर. कारखान्यांतून येणारे टायर डांबरी रस्त्यासाठीं असतात. त्यांच्या खांचा उथळ, आणि रेगड त्यांत भरली कीं टायर गुळगुळीत गोळा होतो. दोन्ही वाटांवर चालणारे, खोल व रुंद खांचांचे टायर घ्यावे. निव्वळ चिखलासाठीं असतात ते दांडगे टायर आम्ही सुचविणार नाहीं. नांदेडच्या डांबरी रस्त्यावर ओल्यांत ते घसरतात, आवाज करितात व तेल अधिक खातात, आणि आपली गाडी शंभरांतले नव्वद कोस डांबरावरच चालते. आकार वाढविण्याचा मोह तर आवरावाच. डस्टरच्या २१५/६५ आर १६ या टायराचा व्यास सुमारें ६८६ मिलिमीटर. त्याऐवजीं २१५/७० घातला तर तो सुमारें ७०७ होतो. व्यास एकवीस मिलिमीटरांनीं वाढला, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मीच, म्हणजे अकरा मिलिमीटर; अर्धा इंचहि नव्हे. आणि त्या अर्ध्या इंचासाठीं चाक व वरचा मडगार्ड यांतली जागा कमी होते. रेगडींत ही जागाच जीव कीं प्राण! चिकट माती चाकाबरोबर वर जाऊन तेथें दाटते, आणि पुरेशी दाटली कीं चाक फिरेनासें होतें. बैलगाडीच्या चाकास वर कांहींच नसतें, आणि धाव अरुंद असते, म्हणून तें चाक माती कापीत जातें. आमच्या पूर्वजांनीं कोणत्याहि प्रदर्शनांत न जातां ही गोष्ट ओळखली होती.

टायराइतकीच महत्त्वाची, आणि जवळजवळ फुकट, अशी गोष्ट म्हणजे टायरांतली हवा. माणसांसह गाडीचें वजन १६०० किलो धरूं. चाकामागें ४०० किलो, म्हणजे सुमारें ८८० पौंड. टायरांत दर चौरस इंचास ३३ पौंडांची हवा असली, तर प्रत्येक टायर सुमारें २७ चौरस इंच जागेवर टेकतो. हवा १८ पौंडांवर आणली कीं तीच टेकण्याची जागा सुमारें ४९ चौरस इंच होते. टायराच्या अंगच्या ताठपणामुळें हा हिशेब तंतोतंत उतरत नाहीं, तरी दिशा खरी आहे. उंटाचें पाऊल वाळूंत कां रुतत नाहीं हें आमच्या पांचवीच्या वर्गांतील मुलेंहि सांगतील. तेंच तत्त्व येथें आहे. मात्र डांबरावर येतांच हवा पुन्हां पूर्ववत् भरली पाहिजे, नाहीं तर टायर तापून फाटतो किंवा वळणावर रिमवरून निसटतो. म्हणून गाडींत हवेचें माप व बारा व्होल्टवर चालणारा लहान पंप हवाच. दिव्यांच्या पट्टीच्या आधीं पंप, हें सूत्र आम्ही विद्यार्थ्यांस फळ्यावर लिहून देण्यास तयार आहों.

दुसरा खर्च पोटावर. इंजिनाखालचें तेलाचें पात्र हें माळावरच्या एका दगडानें फुटतें, आणि तेल गेलें कीं इंजिन गेलें. कारखान्यांतून तेथें पुष्कळदां प्लॅस्टिकचें आवरण येतें. तें चिखलाचे शिंतोडे अडवितें, दगड नव्हे. तीन मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा, किंवा त्याहून जाड अल्युमिनिअमचा, खालच्या लोखंडी चौकटीस बोल्टांनीं बसवावा. इंजिनाच्या अंगास तो कधींहि चिकटवूं नये. तेल काढण्यासाठीं भोंक व हवा खेळण्यासाठीं फटी ठेवाव्या, नाहीं तर आमच्या उन्हाळ्यांत इंजिन तापेल. गांवांतील चांगला वेल्डर हें काम करूं शकतो. त्यास नीट माप द्या म्हणजे झालें.

तिसरी उंची. स्प्रिंगा बदलून किंवा त्यांखालीं चकत्या घालून गाडी पंचवीस-तीस मिलिमीटर उचलतां येते, आणि तेवढी उचलण्यास आमची हरकत नाहीं. त्यापुढें गेलें कीं चाकांकडे शक्ति नेणारे दांडे वांकड्या कोनांत फिरूं लागतात, त्यांचीं रबरी आवरणें फाटतात, आंत माती जाते व सांधे झिजतात. चाकांचा तोल बिघडतो. गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. त्यांत छपरावर लोखंडी जाळी, जाळीवर जास्तीचें चाक व पाण्याचे डबे चढविले, म्हणजे घाटांतल्या वळणावर काय होईल तें विज्ञानाच्या शिक्षकांस विचारावें. उंच केलेली गाडी म्हातारीस चढतां येत नाहीं हा आणखी एक दोष. आणि जिला दवाखान्यांत न्यावयाचें ती बहुधा म्हातारी किंवा गरोदर बाईच असते.

येथें कायद्याचेंहि बोललें पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचें कलम ५२ असें सांगतें कीं, नोंदणीच्या पुस्तकांतील तपशील कारखानदारानें मूळ दिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकानें करूं नये. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि हें स्पष्ट केलें. आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. मोटारीच्या तोंडावर बसविण्याच्या लोखंडी दांड्यांविरुद्ध कारवाई करण्यास केंद्र शासनानें डिसेंबर २०१७ मध्येंच राज्यांस कळविलें होतें. तो दांडा गाडीचें रक्षण करितो ही समजूत चुकीची आहे. धडकेंत चुरडून जाण्यासाठींच गाडीचा पुढचा भाग बनविलेला असतो. दांड्यानें तो धक्का सरळ आंतल्या माणसांस पोंचतो, आणि समोर शाळेचें पोर आलें तर त्याची हाडें मोडतात. टायरांचा आकार, स्प्रिंगा व दिवे यांविषयीं नांदेडच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयांत आधीं विचारावें, आणि विमा कंपनीस लेखी कळवावें. न कळविलेल्या फेरफारावरून विम्याचा दावा अडतो, तो प्रसंग दुःखावर डाग देणारा असतो.

आतां त्या धुराड्यासारख्या नळीविषयीं, म्हणजे इंजिनास छपराच्या उंचीवरून हवा पुरविणाऱ्या नळीविषयीं. तरुणांचा सर्वांत मोठा भ्रम येथें आहे, आणि तो जीवावर बेतणारा आहे, म्हणून थोडें थांबून लिहितों.

१७ व १८ ऑगस्ट २०२५ या दिवसांत आमच्या तालुक्यावर काय ओढवलें हें कोणास सांगावें लागेल असें नाहीं. लेंडी धरणाच्या क्षेत्रांत २०६ मिलिमीटर पाऊस झाला. लातूर, उदगीर व कर्नाटकाच्या बाजूनेंहि पाणी लोटलें. रावणगांव, हसनाळ, भासवाडी, भिंगोली या गांवांत पाणी शिरून शेंकडों माणसें अडकलीं, आणि प्राणहानि झाली. सुटकेसाठीं राज्य आपत्ति प्रतिसाद दल व सैन्याची तुकडी बोलवावी लागली. त्यानंतर आम्हीं अनेक तरुणांच्या तोंडून ऐकलें कीं, 'आपली गाडी तयार असती तर गेलों असतों.' या बोलण्यांतील सद्भावाविषयीं आम्हांस आदर आहे. म्हणूनच पुढील हिशेब त्यांच्यापुढें ठेवितों.

गाडीच्या तळाची लांबी चार मीटर व रुंदी एक मीटर सत्तर सेंटिमीटर धरली, तर क्षेत्रफळ सुमारें ६.८ चौरस मीटर. तळ जमिनीपासून सुमारें ३० सेंटिमीटर वर असतो. पाणी तळाच्या वर दहा सेंटिमीटर चढलें कीं तें गाडीस सुमारें ६८० किलोनें वर उचलतें; अर्किमिडीजचा हा नियम आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे, फक्त तो आपल्या मोटारीसहि लागू आहे हें त्यांस पाठ नाहीं. गाडीचें वजन १६०० किलो. म्हणजे तळाच्या वर वीतभर, जास्तींत जास्त चोवीस सेंटिमीटर पाणी आलें कीं गाडीचें वजन शून्यावर येतें. जमिनीपासून मोजलें तर हें पाणी चौपन्न सेंटिमीटर, म्हणजे प्रौढ माणसाच्या जेमतेम गुडघ्याच्या थोडें वर. आंत पाणी शिरून गाडी पुन्हां जड होईल हें खरें, पण त्यास वेळ लागतो; आणि तेवढ्या वेळांत आडव्या प्रवाहानें ती पुलाच्या कडेपलीकडे गेलेली असते. पाणी बेचाळीस सेंटिमीटर असतांनाच तिचें निम्में वजन गेलेलें असतें, आणि निम्म्या वजनाच्या गाडीची पकडहि निम्मीच. वाहतें पाणी एक फूट असलें तर पुष्कळ मोटारी उचलल्या जातात व दोन फूट असलें तर उंच गाड्यासुद्धां वाहून जातात, असें अमेरिकेचें हवामान खातें आपल्या लोकांस सांगतें. तें याच हिशेबाशीं जुळतें.

आतां पाहा. इंजिनाचें नाक, म्हणजे हवा घेण्याची जागा, बॉनेटच्या आंत वरच्या अंगास असते. तेथपर्यंत पाणी पोंचण्यापूर्वींच गाडी तरंगूं लागते. मग तें नाक छपरावर नेऊन वाहत्या पाण्यांत कोणता लाभ झाला? स्थिर डबक्यांत तिचा उपयोग होईल. पण डबक्यांत उतरून काठीनें खोली मोजतां येते आणि दुसऱ्या वाटेनेंहि जातां येतें. आणि गाडी तीस मिलिमीटर उचलली म्हणजे तरंगण्याची मर्यादाहि तीस मिलिमीटरच वर गेली, चौपन्नाची सत्तावन्न सेंटिमीटर झाली. या तीन सेंटिमीटरांवर चार माणसांचा जीव टांगून पुलावर उतरणारास आम्ही शूर म्हणणार नाहीं. पुलाचा कठडा दिसेनासा झाला असेल व पाणी आडवें वाहत असेल, तर गाडी कोणतीहि असो, मागें फिरावें. तेथें काम होडीचें व पोहणाराचें आहे, आणि तें शिकलेल्या माणसांनींच करावें.

मोटारीचें खरें काम पुराच्या आधीं व नंतर असतें. पाणी चढण्यापूर्वीं म्हाताऱ्या माणसांस उंचावरच्या गांवीं नेणें, आणि पाणी ओसरल्यावर, पूल वाहून गेला असतां माळावरच्या दगडी वाटेनें औषध व धान्य पोंचविणें, येथें ती पोटाला पत्रा व पायांत चांगले टायर असलेली साधी गाडी सोन्याच्या मोलाची ठरते.

रुतलेली गाडी काढण्याचें साहित्य हा असाच दुर्लक्षित विषय. आमच्याकडे रीत अशी: गाडी रुतली कीं ट्रॅक्टर बोलवावा, लोखंडी सांखळी जेथें अडकेल तेथें अडकवावी, आणि गांवांतल्या सगळ्या पोरांनीं भोंवतीं उभें राहून आरोळ्या द्याव्या. ताणलेली सांखळी किंवा ज्यास ती अडकविली तो आंकडा तुटला, तर त्याचा तुकडा माणूस ठार करण्याइतक्या जोरानें सुटतो. आठ-नऊ मीटरांचा रुंद नायलॉनचा पट्टा ठेवावा; तो गाडीच्या मुख्य चौकटीस पक्क्या बसविलेल्या आंकड्यासच बांधावा, चाकाच्या दांड्यास नव्हे; पट्ट्याच्या मध्यावर ओलें पोतें टाकावें, म्हणजे तो तुटल्यास उसळत नाहीं; आणि पोरांस पट्ट्याच्या दुप्पट अंतरावर हांकलावें. पण त्यापूर्वीं एक साधा उपाय करून पाहावा. चाकापुढची माती फावड्यानें उतरती करून चाकांखालीं पऱ्हाट्या किंवा तुराट्या आडव्या अंथराव्या, हवा कमी करावी, आणि दुसऱ्या गिअरांत हळूच निघावें. दुकानांत याच कामासाठीं रंगीत प्लॅस्टिकच्या फळ्या हजारों रुपयांस मिळतात. कापसाच्या शेताच्या बांधावर पऱ्हाट्यांचा ढीग असतांना त्या विकत घेणाऱ्यास काय म्हणावें?

राहिली पांदण. मोटार ज्या वाटेनें जाते ती वाट मोटारवाल्याच्या मालकीची नसते. त्याच वाटेनें दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाटीदप्तर घेऊन मुलें शाळेस निघतात, बाया दुधाच्या चरव्या घेऊन येतात, आणि ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाहीं त्याची बैलगाडी जाते. चार चाकांनीं चिखल उपसून केलेला हातभर खोल चर पुढें ऊन पडलें कीं विटेसारखा वाळतो आणि पुढच्या पावसापर्यंत बैलांचे पाय मुरगाळीत राहतो. चर टाळण्यासाठीं शेजारच्या सोयाबीनच्या कडेनें गाडी घातली, तर दोन ओळी गेल्या व बांध फुटला. आणि बांधावरून आमच्याकडे किती पिढ्या कोर्टांत गेल्या हें सर्वांस ठाऊक आहे. तेव्हां ज्यानें चर पाडला त्यानें परत येतांना तो बुजवावा, ही अपेक्षा अवास्तव नाहीं. फावडें गाडींत आहेच.

शेतरस्त्यांसाठीं राज्य शासनानें नोव्हेंबर २०२१ मध्यें मातोश्री ग्रामसमृद्धि या नांवाची योजना रोजगार हमीशीं जोडून काढली होती. असे रस्ते ग्रामसभेंत मागितल्याशिवाय मिळत नाहींत, आणि मागणाराजवळ नेमकी माहिती लागते. ज्या जागीं ओढ्याचें पाणी वाटेवर साठतें तेथें खालून सिमेंटचा एक नळा व वर दोन ट्रॉल्या मुरूम पडला, तर पुष्कळदां पुढची पाव मैल वाट सुधारते. छपरावरील दिव्यांच्या पट्टीची किंमत व त्या नळ्याची किंमत यांत फार अंतर नाहीं. नळा कोणत्या जागीं टाकावा हें मात्र ज्याची गाडी तेथें तीन वेळां रुतली त्यासच बोटावर मोजून सांगतां येतें.